बाटली तीनदा रिकामी केली

मी हवामान केंद्राची नोंदवही बोलतेय. हात धुऊन आला असाल तर जवळ बसा, नाहीतर तिथूनच ऐका. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यांनी मला असा वीट आणलाय, की कुणाचा अंगठा ओठांकडे जाताना दिसला तरी मळमळतं.

म्हातारीची कुरकुर म्हणून सोडून देऊ नका. माझ्या अंगावर काय काय पुसलं गेलंय ते सांगायला बसले तर तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चहाच्या कपाची वर्तुळं आहेत, तंबाखूचे डाग आहेत. पान दोनशे चारवर एक डास चिरडलेला आहे, रक्तासकट. कानात फिरवलेलं पेन पुसायला माझा कोपरा वापरलाय. आणि तरी सांगते, ही घाण परवडली. खरी घाण माझ्यात शाईने लिहिलेली आहे, चांगल्या वळणदार अक्षरात. मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

माझा जन्म छापखान्यात झाला. चारशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला कापडी कणा. एका पानावर एक महिना. छापखान्याने आपली सोय बघून सगळ्या पानांवर एकतीस ओळी छापल्या, मग महिना कुठलाही असो. उभे रकाने सहा: जास्तीत जास्त तापमान, कमीत कमी तापमान, दमटपणा, वारा, पाऊस, आणि सगळ्यांत शेवटी एक रुंद रकाना, शेरा. बांधणी करणाऱ्याने खळीने बरबटलेल्या हातांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, पन्नास वर्षं तुला काही होत नाही." तो डाग अजून गेलेला नाही.

तिथून माझी पाठवणी झाली ती टेकडीवरच्या पाणीपुरवठ्याच्या आवारात. एक खोली, एक टेबल, एक स्टूल. बाहेर तारेचं कुंपण. कुंपणात चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, तिच्यात थर्मामीटर. शेजारी पर्जन्यमापक, म्हणजे वर नरसाळं आणि आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापनळीत ओतायचं, आकडा वाचायचा आणि माझ्यात लिहायचा. काम एवढंच. टेकडीखाली गाव उतरत जायचं आणि सगळ्यांत तळाला, नाल्याच्या काठी, खालची वस्ती होती.

माझा पहिला निरीक्षक उंच, किडकिडीत आणि किरकिऱ्या होता. गावात त्याला सगळे 'साडेआठ' म्हणायचे. अंगात ताप असो, घरात लग्न असो, साडेआठच्या ठोक्याला तो कुंपणाच्या आत असायचा. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना ताटकळत ठेवून हा माणूस पेटीत डोकं घालून उभा होता, हे मी स्वतः पाहिलंय. थुंकी तोही लावायचा. शिंकही माझ्या अंगावरच द्यायचा. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पण न पाहिलेली गोष्ट त्याने माझ्यात कधी लिहिली नाही. एकदा थर्मामीटर फुटला. नवा यायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे त्याने रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'यंत्र फुटले. नोंद नाही.'

त्याची बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, अंदाजाने लिहा की. कोण बघायला येणार आहे?"

"अंदाज तर तूही करशील," तो म्हणाला. "मग मला कशाला ठेवलंय?"

बाराव्या वर्षीचा जुलै. पान एकशे एकोणचाळीस. सकाळची नोंद झाली आणि पाऊस सुरू झाला तो थांबायचं नावच घेईना. साडेआठने दुपारी बाटली पाहिली तर ती गळ्यापर्यंत आलेली. भरून वाहिली तर हिशेब गेला. म्हणून त्याने ती तिथेच मापून रिकामी केली, पुन्हा बसवली. बायको छत्री घेऊन धावत आली आणि त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली.

"माझ्यावर काय धरतेस? नळीवर धर, नळीवर! पाऊस आत गेला तर आकडा चुकेल!"

"आणि तुम्ही?"

"मला कोण मोजतंय?"

मापनळीत एका वेळी वीस मिलिमीटर मावायचे. प्रत्येक नळीमागे तो माझ्या समासात एक रेघ मारायचा. दुपारी, संध्याकाळी आणि पहाटे अशी तीनदा बाटली रिकामी झाली, सकाळी साडेआठला उरलेलं पाणी मापलं. वीस रेघा भरल्या. एकविसाव्या नळीत बारा पूर्णांक सहा. त्याने बेरीज दोनदा केली, बायकोकडून एकदा करून घेतली आणि पावसाच्या रकान्यात लिहिलं, ४१२.६. शेऱ्यात लिहिलं, 'बाटली तीनदा रिकामी केली. मापात चूक नाही. खालच्या वस्तीत पाणी शिरले.' त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं, त्यामुळे शेवटचे दोन शब्द फिसकटले आहेत. तेवढा डाग मला आवडतो.

पाच वर्षांनी साडेआठ निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मेहुणा आला. कुणाचा म्हणून विचारू नका, साहेबांचा. त्याचं दुसरं काही नाव असेल तर ते आवारात कुणी कधी घेतलं नाही. गोरागोमटा, केसांना तेल, बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्याने मला पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

का, ते ऐका. महिन्याच्या एक तारखेला जेवण झालं की तो ढेकर देत पलंगावर आडवा व्हायचा, मला पोटावर घ्यायचा आणि अख्खा महिना भरून टाकायचा. त्या पोटाची गुरगुर मला अजून ऐकू येते. जवळ तीन पेनं ठेवायचा, दोन निळी आणि एक काळं. चार दिवस एका पेनाने, तीन दिवस दुसऱ्याने, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसावं. एवढी मेहनत! तेवढ्या मेहनतीत माणूस टेकडी चढून कुंपणापर्यंत जाऊन आला असता. मागच्या वर्षीचं पान उघडायचं, एखादा आकडा वाढवायचा, एखादा कमी करायचा आणि ओळीमागून ओळ भरत पानाच्या तळाला पोचायचं, हे त्याचं हवामानशास्त्र.

मोठा पाऊस लिहिला तर कुणीतरी विचारेल, ही भीती. म्हणून त्याच्या अकरा वर्षांत कधी जोराचा पाऊस पडलाच नाही. बाहेर छपरं उडत होती आणि आत माझ्यात 'हलका वारा, पाऊस ६.२' असं लिहिलं जात होतं. तिकडे कुंपणातल्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं, नरसाळ्यात पाला साचला. बाटली तर त्याच्या स्वयंपाकघरात तेलाला लागली होती. तपासणीच्या दिवशी तो मला टेकडीवर न्यायचा, तेव्हा मी हे सगळं डोळ्यांनी बघायचे. मला तोंड असतं तर त्याच्या तोंडावर थुंकले असते, पण थुंकी फक्त माणसांकडे असते.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. चहा घ्यायचे, कप माझ्यावर ठेवायचे, पानं फराफरा चाळायचे. "वा, काय अक्षर आहे! एक जागा रिकामी नाही," म्हणायचे आणि खाली लिहायचे, 'उत्तम'. साडेआठला त्यांनी सतरा वर्षांत एकदाही उत्तम दिलं नव्हतं. त्याचं अक्षर कावळ्याच्या पायासारखं होतं आणि मध्येमध्ये जागा रिकाम्या होत्या ना.

मग आपोआप मोजणारं यंत्र आलं आणि मला कोठीच्या खोलीत टाकलं. हवामानाच्या नोंदी ठेवायच्या खोलीचं छप्पर गळत होतं, यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. चौदा वर्षं मी तिथे काढली. कसर लागली, उंदरांनी एक कोपरा नेला. काही महिने एका लंगड्या टेबलाच्या पायाखाली होते. वर बसणारा माणूस दिवसभर गुडघा हलवायचा.

आणि एक दिवस माझे दिवस पालटले, असं मला वाटलं. जुन्या नोंदी संगणकात घ्यायचं काम निघालं. नाल्याच्या काठाला संरक्षक भिंत बांधायची होती आणि तिची उंची जुन्या नोंदींतल्या सर्वांत मोठ्या पावसावरून ठरणार होती. लोक मोजे घालून आले, तोंडाला फडकी बांधून. माझ्यावरची धूळ मऊ कुंच्याने झटकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला वारसा म्हणालं. मी मोहरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा कणा कापला. सुटी पानं यंत्रातून भराभर जातात म्हणे. एक पातं वरून खाली आलं आणि वही होते ती मी गठ्ठा झाले. वारसा म्हणणारा माणूस शेजारीच उभा राहून बिस्किट खात होता. चुरा माझ्यावर पडत होता.

पानांच्या प्रती निघाल्या की मूळ गठ्ठा टायपिस्टपुढे यायचा. ती पस्तिशीच्या आतली, बोलायला बेताची. तिच्या टेबलावर बशीत ओला स्पंज होता, पान उलटायला. तो स्पंज पाहिला आणि मला बाई आवडली. एक पान बघून आकडे भरायचे आणि खाली सही करायची, 'पाहून भरले'. शेऱ्याचा रकाना भरायचा नाही, असं ठरलेलं होतं. समासातल्या रेघा तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हत्या.

पान एकशे एकोणचाळीसला तिने ४१२.६ टाइप केलं आणि पडद्यावर तांबडी चौकट आली. तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तांबडं. मग ती थांबली आणि तिने जे करायचं नव्हतं ते केलं, शेरा वाचला. नंतर समासातल्या रेघा बोटाने मोजल्या. आणि डबा खायच्या सुट्टीत तिथूनच आईला फोन लावला. आईला कमी ऐकू येत असावं, कारण फोनचा आवाज मोठा होता.

"आई, मी तान्ही असताना पाणी आलं होतं, ते घरात कुठवर होतं गं?"

"दाराच्या चौकटीच्या वर. तुला माळ्यावर अक्षरशः फेकलं मी. चार महिन्यांची होतीस. का गं, आज काय मध्येच?"

"काही नाही. महिना कुठला?"

"जुलै. शेजारची दोघं गेली ना त्यात, नवराबायको. महिना कसा विसरेन? तू जेवलीस का?"

टायपिस्टची आई खालच्या वस्तीत राहते हे मला तेव्हा कळलं. भिंत तिच्याच दारापुढून जाणार होती.

ती मला घेऊन सल्लागाराकडे गेली. सल्लागार म्हणजे या सगळ्या कामाचा कर्ताधर्ता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत टेबल. बोलताना नखाने दात कोरायचा आणि निघेल ते माझ्या कडेला पुसायचा. शी!

"सर, हा आकडा तांबडा दाखवतोय. पण तो खरा आहे."

"मर्यादेबाहेर आहे, म्हणून तांबडा. एकशे वीसची मर्यादा घातलीय."

"ती कशावरून ठरवली?"

"नोंदींतल्या सगळ्यांत चांगल्या काळावरून." त्याने माझी पानं उलटली आणि अभिमानाने दाखवली. "ही अकरा वर्षं बघा. एक जागा रिकामी नाही. सोनं आहे, सोनं."

मेहुण्याची अकरा वर्षं! पलंगावर ढेकर देत लिहिलेली थाप ही मोजपट्टी झाली होती आणि पावसात भिजत मापलेला आकडा तिच्यात बसत नाही म्हणून खोटा ठरत होता. मला चौदा वर्षांच्या कोठीत आली नव्हती एवढी किळस त्या क्षणी आली.

बाई जागेवर गेली, पण गप्प बसली नाही. तिने मेहुण्याची पानं एकेक करून तपासली, आणि फेब्रुवारीपाशी तिचं बोट थांबलं. छापलेल्या ओळी एकतीस होत्या, म्हणून त्या शहाण्याने एकतीस भरल्या होत्या. तीस फेब्रुवारीला किमान तापमान चौदा. एकतीस फेब्रुवारीला हलका वारा. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर, सगळ्यांना एकतीस दिवस. तेही अकराच्या अकरा वर्षं! ती एवढ्या जोराने हसली की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले.

सल्लागारही हसला. "भारीच की! पण काळजी करू नका, नसलेल्या तारखा संगणक आपोआप गाळतो."

"सर, जो माणूस तीस फेब्रुवारीचं तापमान लिहितो, त्याने एकोणतीस जूनचं तरी बघून लिहिलं असेल का?"

"मॅडम, अकरा वर्षं कोरी दाखवली तर काम अपुरं धरतील. भरलेलं भरलेलं असतं."

"मग निदान हा एक आकडा राहू द्या. बाजूला एकवीस रेघा आहेत. बाटली तीनदा रिकामी केली, असं त्याने लिहून ठेवलंय."

"समासातलं संगणकात जात नाही. म्हातारा असेल, दशांशचिन्ह पुढे सरकलं असेल. एक्केचाळीस पूर्णांक दोन करा, सही करा, पुढचं पान घ्या."

"आमच्या घरात पाणी चौकटीच्या वर होतं, सर. एक्केचाळीस मिलिमीटरला अंगणसुद्धा भरत नाही."

"घरातल्या गोष्टी घरी," तो म्हणाला आणि पुन्हा दात कोरायला लागला.

तिने सही केली नाही. त्या एका पानापायी अख्खी फाइल दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी तिला उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मग शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पडद्यावर ४१.२ केलं आणि 'पाहून भरले' म्हणून सही ठोकली. मी समोर दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मला मेहुण्याचा राग येतो, पण या गृहस्थांची शिसारी येते. मेहुण्याला निदान आपण खोटं लिहितोय हे माहीत होतं.

पुढे मला सुतळीने बांधून रद्दीच्या पोत्याशेजारी ठेवलं. ओळखपत्र परत करायला बाई आली. तिने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं, कापडी पिशवीत टाकलं आणि जिना उतरली. चोरीच ती. माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या सरळ हाताने उचललं नव्हतं.

आठवड्याने मायलेकी मला घेऊन भिंतीच्या इंजिनिअरकडे गेल्या. वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती. माणूस वाईट नव्हता. त्याने पान नीट उजेडात धरून वाचलं, शेरा वाचला, ओठ हलवत रेघा मोजल्या. त्याचा चेहरा उतरला.

"याच्याप्रमाणे बघितलं तर भिंत दुपटीहून उंच लागेल," तो म्हणाला. "माझ्याकडच्या यादीत सगळ्यांत मोठा पाऊस एकशे सतरा आहे. मूळ वही रीतसर मिळाली असती तर मला वर लिहिता आलं असतं."

"ही मूळच आहे," बाई म्हणाली.

त्याने कपाटातून एक कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. 'नोंदवही क्रमांक सतरा. संगणकीकरण पूर्ण. नष्ट केली.' खाली सही आणि गोल शिक्का.

"कागदावर ही वही नाहीच आहे," तो म्हणाला. "नसलेल्या वहीचा दाखला मी कसा जोडू? आणि ती तुमच्याकडे आली कशी, हेही विचारतील. तुम्हीच अडचणीत याल."

आई पुढे झाली. तिने नळाखाली हात धुतल्यासारखे दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि म्हणाली, "वही नाही, पाऊस नाही, मग ती दोघं मेली कशाने? ते तरी कुठे लिहून ठेवा."

इंजिनिअरने तो कागद परत कपाटात ठेवला. त्याने कुठे काही लिहिलं नाही.

भिंत पुरी झाली. आईच्या छातीला लागते. फीत कापायला साहेबलोक आले होते. त्यांच्यात सल्लागार होता आणि सुटलेल्या पोटाचा, पांढऱ्या केसांना तेल लावलेला मेहुणाही होता. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे. जुन्या नोंदी जिवापाड जपल्याबद्दल त्याचा सत्कार झाला. भाषणं संपल्यावर लोकांनी कागदी कप नाल्यात टाकले.

मी आता टायपिस्टच्या आईच्या घरी, माळ्यावर आहे, सुतळीत बांधलेली, सरकारदरबारी मेलेली. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. मला पुन्हा शिवू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका, वारसा तर मुळीच म्हणू नका. माणसांच्या कौतुकाला मी पुरती विटले आहे.

मागणं आहे ते खालच्या वस्तीतल्या लोकांकडे. बायांनो, बाबांनो, भिंतीला पाठ टेकून उन्हं खात बसता, खुशाल बसा. पण जुलैत नाल्याचा आवाज बदलला तर त्या भिंतीकडे बघत थांबू नका. ती एकशे सतराची आहे. तुमच्याकडे चारशे बारा आला होता, आणि तो पुन्हा येईल तेव्हा यादी बघून येणार नाही. म्हाताऱ्यांना उचला, पोरांना उचला, आणि टेकडी चढा. मला घ्यायला माळ्यावर कुणी येऊ नका.